डिझरायलीचे वाक्य उद्धृत करण्याआधी

आधी ते कोण बोलतोय ते पाहा. बेंजामिन डिझरायली दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला (1868 आणि 1874–80), पण त्याची पुष्कळ गाजलेली वाक्ये कादंबऱ्यांतल्या पात्रांच्या तोंडी आहेत. ‘कॉनिंग्सबी’त (1844) तारुण्य ही घोडचूक, असे सिडोनिया म्हणतो, त्याच संभाषणात जवळपास सगळे थोर कार्य तरुणांनीच केले, असेही तोच सांगतो. एकच तुकडा उचलला की अर्थ उलटतो. म्हणून मागचीपुढची दोन पाने वाचाच. मग कादंबरी, वर्ष, प्रकरण नोंदवा.

मूळ सापडले नाही तर नाव गाळा. ‘खोटे, धादांत खोटे आणि आकडेवारी’ हे वाक्य अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने डिझरायलीच्या नावावर सांगितले. डिझरायलीच्या लेखनात ते सापडलेले नाही.