मोडलेले आश्वासन खोटे होते का, हे कसे तपासावे

निवडणुकीत दिलेला शब्द पाळला गेला नाही की गावच्या पारावर "खोटं बोलला" असा निवाडा लगेच होतो. तो संताप रास्त असला, तरी खोटेपणा सिद्ध करायचा तर बोलणाऱ्याला बोलतेवेळी काय ठाऊक होते, हे शोधावे लागते.

आधी नेमके शब्द मिळवावेत. सभेचे चित्रीकरण, वर्तमानपत्राचे कात्रण किंवा छापील जाहीरनामा हाती असावा. समजा, साक्री किंवा चोपडा तालुक्यातल्या एखाद्या सभेत उमेदवार म्हणाला, "तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचे उपजिल्हा रुग्णालय करू." हा संकल्प झाला. "श्रेणीवर्धन मंजूर झाले आहे," असे तो म्हणाला असेल, तर ते विधान त्याच दिवशी पडताळता येते, कारण अशा मंजुरीचा शासन निर्णय क्रमांक व तारखेसह निघतो.

मग अधिकार कोणाचा, हे पाहावे. ठिबक संचावरचा जीएसटी रद्द करीन, असे नगरसेवकपदाचा उमेदवार सांगत असेल, तर हा दर केंद्र आणि राज्ये मिळून बनलेल्या जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतो, हे त्याला माहीत असायलाच हवे. ते माहीत असूनही दिलेला शब्द मला खोट्यातच जमा करावासा वाटतो.

सर्वांत कठीण भाग तारखांचा आहे. अमेरिकेत जॉर्ज बुश (थोरले) यांनी १९८८ साली नवे कर लावणार नाही असे ठासून सांगितले आणि १९९० मध्ये तुटीच्या दबावाखाली, विरोधकांच्या हाती असलेल्या काँग्रेसशी (तिथल्या संसदेशी) तडजोड करून करवाढ स्वीकारली. शब्द मोडला हे निर्विवाद, पण १९८८ मध्येच त्यांच्या मनात करवाढ होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. बराक ओबामा यांनी मात्र सध्याचा आरोग्यविमा ज्यांना पसंत आहे त्यांना तो ठेवता येईल, असे वारंवार सांगितले, आणि अनेक जुन्या पॉलिसींना नव्या कायद्यात मिळालेली सूट जाईल असा अंदाज त्यांच्याच प्रशासनाने २०१० च्या नियमांत नोंदवलेला असतानाही ते आश्वासन पुढे चालू राहिले. २०१३ मध्ये लाखो लोकांना पॉलिसी रद्द झाल्याच्या नोटिसा आल्या आणि ओबामांना खेद व्यक्त करावा लागला. हे प्रकरण मला अधिक गंभीर वाटते.

आपल्याकडे असा आधीच्या तारखेचा कागद माहिती अधिकारातून मिळू शकतो. ग्रामीण रुग्णालयासाठी जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात, तर प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यावा. "का झाले नाही" असे विचारू नये, कारण अशा प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही. श्रेणीवर्धनाचा प्रस्ताव, त्यावरील पत्रव्यवहार, पदनिर्मितीचा शासन निर्णय आणि मंजूर व भरलेल्या पदांचा तक्ता यांच्या प्रती मागाव्यात. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. प्रस्ताव नामंजूर झाल्याचे पत्र सभेच्या आधीचे निघाले आणि ते त्या पुढाऱ्यापर्यंत पोहोचल्याची नोंद असली, तर खोटेपणाचा पुरावा हाती आला. फक्त इमारत उभी आहे, फलकावर पन्नास खाटा रंगवल्या आहेत, पण क्ष-किरण खोलीला तंत्रज्ञाच्या पदाअभावी कुलूप आहे, अशा वेळी "रुग्णालय सुरू केले" हे नंतरचे विधानही तितक्याच बारकाईने तपासावे.

सबबीही तपासाव्यात. २०१९ ची आश्वासने करोनामुळे अडली, हे अनेक कामांबाबत खरे आहे. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने खर्चाला मोठी कात्री लावली होती. मात्र त्यात सार्वजनिक आरोग्य विभागाला अग्रक्रम होता, त्यामुळे रुग्णालयाच्या बाबतीत हे कारण जसेच्या तसे मान्य करू नये.

निष्कर्ष लिहिताना "शब्द पाळला नाही" आणि "जाणूनबुजून खोटे सांगितले" हे दोन आरोप वेगळे ठेवावेत, दुसऱ्यासोबत कागदाचा क्रमांक व तारीख जोडावी, आणि ग्रामसभेत किंवा पुढच्या प्रचारसभेत त्या पुढाऱ्याकडून लेखी उत्तर मागावे.