रेझ्युमेत ब्लॅक बेल्ट लिहिण्याआधी

आधी जुन्या फायली उपसून सगळी प्रमाणपत्रं एका जागी आणा. प्रत्येकावर संस्था, श्रेणी आणि तारीख नीट वाचता येते का ते बघा. नावाचं स्पेलिंग अर्जातल्या नावाशी जुळतंय ना, हेही. तायक्वांदोत कुक्कीवॉनचं (दक्षिण कोरियातल्या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेचं) प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक टिपून ठेवा, पडताळणीला तोच लागतो. लहानपणी तिथूनच ‘पूम’ मिळाला असेल तर ‘पूम’च लिहा. तो 15 वर्षांखालच्या मुलांचा ब्लॅक बेल्ट असतो, त्याला परस्पर ‘दान’ (मोठ्यांच्या ब्लॅक बेल्टची श्रेणी) करू नका.

मग श्रेणी अशी लिहा की कधी डोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, पाऊल न टाकलेल्या माणसालाही कळेल. कराटे आणि जूडोत क्यूचे (ब्लॅक बेल्टच्या आधीच्या श्रेणींचे) आकडे उतरत जातात, दानचे चढत. त्यामुळे नुसतं ‘1 ला क्यू’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला तुम्ही कालच सुरुवात केली असं वाटेल. ‘ब्राऊन बेल्ट, ब्लॅक बेल्टच्या आधीची शेवटची पायरी’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूत पर्पल बेल्टपर्यंत पोहोचायलाच कित्येक वर्षं जातात, पण रंगावरून ते कुणाला कळणार? म्हणून सरावाची वर्षं लिहा. बॉक्सिंगमध्ये अशी बेल्टची चढण नसतेच, तिथे क्लब, वजनगट आणि अधिकृत लढती पुरेत. शैलीही नोंदवा: शोतोकान आणि क्योकुशिन दोन्ही कराटेच, पण पहिल्यात स्पर्धेतला फटका आवरायचा असतो, दुसऱ्यात पूर्ण ताकदीने मारायचा.

खरा वेळ द्यायचा तो या पुढच्या कामाला. तुम्ही कुणाला शिकवलंय का? मुलांची बॅच सांभाळली, स्पर्धेत पंच म्हणून उभे राहिलात, ग्रेडिंगची, म्हणजे बेल्टच्या परीक्षेची, व्यवस्था पाहिली? मग ते छंदांच्या ओळीत कोंबू नका. मानधन मिळालं नसलं तरी ते अनुभवाच्या रकान्यातलं काम आहे. विद्यार्थी किती, वयोगट कोणता, आठवड्याला किती वर्ग, हे आठवून लिहा. नोकरी देणाऱ्याला बेल्टपेक्षा यातून जास्त कळतं. नुसता सराव केला असेल तर शेवटी एक ओळ बास. सुरक्षारक्षक, पोलीस भरती किंवा क्रीडाशिक्षक अशा जागेसाठी मात्र हीच ओळ वर आणा आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र चालू मुदतीचं असेल तर शेजारी ठेवा.

सराव सुटला असेल तर सुरू केल्याचं आणि थांबल्याचं, दोन्ही वर्षं लिहा. ‘शिस्तप्रिय’, ‘एकाग्र’, ‘खंबीर’ ही विशेषणं खोडा. ती सगळ्यांच्याच रेझ्युमेत असतात. रस्त्यावर कुणाला लोळवल्याचा किस्सा तर मुलाखतीतही नको.

मुलाखतीत “म्हणजे तुमच्यापासून जपूनच राहायला हवं!” हा विनोद येणार, हे धरून चाला. हसा, आणि शिकवण्यातला किंवा स्पर्धेतला एखादा प्रसंग दोन वाक्यांत सांगून विषय कामाकडे वळवा. समोरचा स्वतः सराव करणारा निघाला तर तो थेट काताचं (हालचालींच्या ठरलेल्या क्रमाचं) नाव विचारेल, तेव्हा ग्रेडिंगला केलेले काता एकदा उजळून ठेवा.

संदर्भासाठी प्रशिक्षकांचं नाव द्यायचं असेल तर त्यांना आधी फोन करा आणि कुठल्या जागेसाठी अर्ज आहे तेही सांगा. प्रमाणपत्रं स्कॅन करून हाताशी असू द्या, पण मागितल्याशिवाय अर्जाला जोडू नका.