लहान मुलांना गोष्टीचं पुस्तक कसं वाचून दाखवायचं, कागदावर आणि टॅबवर पण

कागदाचंच पुस्तक आणायचं का टॅबवर वाचलं तरी चालतं, हा प्रश्न मूल झालं की सगळ्यांनाच पडतो. मला विचाराल तर वाचता वाचता तुमच्यात आणि मुलात गप्पा किती होतात हे बघा, कारण खरा फरक तिथेच पडतो. कागदावर त्या गप्पा आपोआप होतात, स्क्रीनवर त्या मुद्दाम घडवाव्या लागतात.

मिशिगन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ साली हेच बघितलं होतं, ३७ पालक आणि त्यांची दोन-तीन वर्षांची मुलं घेऊन. कागदी पुस्तक हातात असताना दोघं जास्त बोलली, पुस्तक दोघांनी मिळून धरलं. टॅबवर मात्र गोष्टीबद्दलचं बोलणं कमी झालं आणि "ते बटण दाबू नको" टाइपचं बोलणं वाढलं.

तर सुरुवात वयापासून करा. दीड वर्षाच्या आत फक्त कागद. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय की १८ महिन्यांपर्यंत व्हिडिओ कॉल सोडला तर स्क्रीन टाळा, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला १ तास पुरे, तोही चांगल्या गोष्टींसाठी. दीड वर्षाच्या आतल्या बाळासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं घ्या, बाळ ते चावणार, आपटणार, उलटं धरणार, करू दे, त्याची पुस्तकाशी ओळख अशीच होते.

मग मांडीवर घेऊन बसा आणि पानं त्यालाच उलटू द्या. दोन पानं एकदम उलटली तरी ओरडू नका, जे पान समोर आलं तिथून पुढे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रश्न. याला डायलॉजिक रीडिंग म्हणतात, १९८८ पासून यावर अभ्यास झालेत, पण करायला एकदम सोपं आहे. चित्राकडे बोट दाखवून विचारा, "हे काय?" मूल म्हणेल "भू भू". तुम्ही म्हणा, "हो, भू भू! मोठा काळा कुत्रा." मग त्यालाही म्हणायला लावा, "काळा कुत्रा". बस, एवढंच. मूल जरा मोठं झालं की "आता काय होईल?", "तो का रडतोय?", "तू कधी असा पडला होतास?" असे प्रश्न घ्या, ज्यांचं उत्तर हो किंवा नाही मध्ये संपत नाही. विचारल्यावर थांबा, मनात पाचपर्यंत मोजा, कारण मुलांना शब्द शोधायला वेळ लागतो आणि आपण घाईघाईत उत्तर स्वतःच देऊन टाकतो. प्रत्येक पानावर मात्र विचारत बसू नका, गोष्टीची परीक्षा होते मग.

टॅबवर वाचायचं असेल तर आधी तुम्ही एकट्याने पुस्तक उघडून बघा. चित्रावर टॅप केलं की गोष्टीतलंच काही घडतं का मध्येच गेम सुरू होतो? गेम असेल तर ते पुस्तक सोडा. २०२१ मध्ये ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात तीच गोष्ट नुसती स्क्रीनवर आणली तर मुलांना कागदावरची जास्त समजली, पण डिजिटल पुस्तकातल्या जादा करामती गोष्टीला धरून असतील तर डिजिटलही सरस ठरलं. म्हणजे टॅब वाईटच असं नाही, निवड नीट पाहिजे. नोटिफिकेशन बंद करा, पानं आपोआप पुढे जातात ते बंद करा, आणि ते आपोआप वाचून दाखवणंही बंद ठेवा कारण आवाज तुमचाच हवा. टॅब मुलाच्या एकट्याच्या हातात न देता दोघांच्या मध्ये धरा, वरचे सगळे प्रश्न इथेही तसेच विचारा. प्रवासात किंवा एखादं पुस्तक छापील मिळतच नाही तेव्हा हा पर्याय खरंच कामाचा आहे.

झोपायच्या आधीचा एक तास स्क्रीन नको, तेव्हा कागदच.

आणि मूल रोज तेच पुस्तक आणतं म्हणून कंटाळू नका, तेच वाचा. चार-पाच दिवसांनी ओळीचा शेवटचा शब्द मुद्दाम सोडून त्याच्याकडे बघा, तो स्वतः म्हणेल. मग हळूहळू अख्खं पान त्याला सांगू द्या, तुम्ही नुसतं ऐका.