मेकॅनिकल कीबोर्ड घेताय? आधी स्विच, मग उंची

साध्या मेंब्रेन कीबोर्डात बटणाखाली रबराचा घुमट असतो. तो जवळजवळ पूर्ण दबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच. चेरी कंपनीच्या 'एमएक्स रेड' स्विचचंच बघा: बटण एकूण ४ मिमी खाली जातं, पण अक्षर २ मिमीवरच उमटतं. बोटांना आराम मिळतो तो इथे. रंगीत दिव्यांत नाही.

स्विच : रेड सुमारे ४५ ग्रॅम जोराने सरळ खाली जातो. ब्राउनमध्ये मध्येच हलका अडथळा जाणवतो, त्यामुळे बोट कुठे थांबवायचं ते कळतं. नवख्यांनी हाच घ्यावा. ब्लू टकटक वाजतो, घरात कुणी झोपलेलं असेल तर नकोच. बोर्ड 'हॉट-स्वॅप' असला तर सोल्डरिंग न करता स्विच बदलता येतो.

आकार : टॅलीत आकडे भरत नसाल तर उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेली ८७ बटणं पुरतात. माउस जवळ येतो, उजवा खांदा ताणला जात नाही.

उंची : खरी चूक इथेच होते. हे कीबोर्ड जाड असतात. त्यात मागचे पाय उघडले की मनगट वर मोडतं आणि संध्याकाळपर्यंत ठणकायला लागतं. पाय मिटलेलेच ठेवा. कोपर बटणांच्या पातळीला येईल इतकी खुर्ची वर घ्या. तळपाय अधांतरी राहिले तर खाली पाट सरकवा. पाम रेस्टवर (कीबोर्डपुढे ठेवायच्या तळहाताच्या टेकूवर) हात टेकायचा तो टायपिंग थांबल्यावर.

मराठीसाठी : बटणांवर देवनागरी छापलेली नसली तरी अडत नाही, इनस्क्रिप्ट (देवनागरी बटणांची ठरलेली मांडणी) विंडोजमधूनच चालतं. 'डी'च्या बटणाने अक्षराचा पाय मोडतो. ख, घ, भ यांना शिफ्ट लागते. म्हणजे शिफ्टवर करंगळी सतत. ते बटण खडखडत असेल तर खालच्या स्टॅबिलायझरच्या (लांब बटण डुगडुगू न देणाऱ्या आधाराच्या) तारेच्या टोकांना किंचित डायलेक्ट्रिक ग्रीस लावा.

स्विच बदलताना (हॉट-स्वॅप बोर्डातच) : केबल काढा. कीकॅप, म्हणजे बटणाची टोपी, सरळ वर ओढा, चिमट्याने स्विचचे दोन्ही खटके दाबून तो उचला. नव्या स्विचच्या धातूच्या दोन पिना सरळ आहेत ना, ते बघूनच अंगठ्याने उभा दाबा. तिरका दाबला की पिन दुमडते आणि बटण मुकं होतं; ट्वीझरने सरळ करून पुन्हा बसवा.

पहिला आठवडा बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटेल, चुका वाढतील. वेग मुद्दाम कमी ठेवा. एकच अक्षर दोनदा उमटत राहिलं तर तो स्विच स्क्रोल लॉकच्या स्विचशी अदलाबदल करून पाहा: खोड स्विचबरोबर गेली तर स्विच खराब, जागेवरच राहिली तर सॉकेट, म्हणजे स्विच बसतो ती बोर्डावरची खाच.