फोन नवा, नेट सुसाट, पण कॉल लागेना: मॉडेल निवडताना होणाऱ्या या चुका टाळा

नवा फोन, चालू सिम, नेटचा वेगही उत्तम. पण कॉल लावला की दोन-तीन सेकंदांत कट. किंवा गच्चीवर रेंज पूर्ण आणि आतल्या खोलीत एक कांडीही नाही. अशा वेळी आधी सिम बदललं जातं, मग टॉवरला दोष दिला जातो, मग फोन दुरुस्तीला जातो. बरेचदा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. फोन आणि नेटवर्क यांची जोडीच चुकलेली असते.

एखाद्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर फोन नीट चालायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. त्या कंपनीचे बँड, म्हणजे ती वापरते ते लहरींचे पट्टे, फोनमध्ये हवेत, त्या कंपनीसाठीचं व्होल्टे, म्हणजे ४जीवरून कॉल करण्याची सोय, फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू हवं आणि फोन त्या सिमसाठी खुला हवा. एक जुळलं म्हणून दुसरं जुळेलच असं नाही. पुढच्या सगळ्या चुका यातलं काहीतरी गृहीत धरल्याने होतात.

नावावरून फोन घेणं

फोन बनवणाऱ्या कंपन्या एकाच नावाखाली वेगवेगळे फोन विकतात. ‘गॅलेक्सी एस२४’ हेच घ्या. एसएम-एस९२१बी हे आंतरराष्ट्रीय मॉडेल, एस९२१यू अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांचं, एस९२१यू१ तिथलंच पण अनलॉक विकलेलं, एस९२१एन कोरियाचं आणि एस९२१० चीन-हाँगकाँगकडचं. बाहेरून सारखे दिसणारे हे फोन बँड आणि सॉफ्टवेअर यांत वेगळे आहेत. आयफोनचंही तसंच. २०२२ च्या आयफोन १४ मालिकेपासून अमेरिकेतल्या मॉडेलमध्ये सिमचा ट्रेच नाही, सगळा कारभार ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच भरलेल्या सिमवर. उलट चीनच्या मुख्य भूमीवर विकलेल्या आयफोन १४ मध्ये दोन नॅनो सिम बसतात, पण ई-सिम नाही.

म्हणून सौदा ठरवण्याआधी पूर्ण मॉडेल क्रमांक मागा. अँड्रॉइडवर तो सेटिंग्जमधल्या ‘फोनबद्दल’ या पानावर असतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं गेल्यावर ‘मॉडेल नंबर’ या ओळीवर एकदा बोट टेकवा. आधी दिसणारा लांब क्रमांक विक्रीचा असतो. टेकवल्यावर येणारा, ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक आपल्याला हवा. ऑनलाइन किंवा जुना फोन घेताना विक्रेत्याकडून या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, कारण खोका दुसऱ्याच फोनचा असू शकतो.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: चीनसाठी बनलेल्या फोनवर ग्लोबल रॉम (जागतिक बाजारासाठीचं सॉफ्टवेअर) टाकला की तो ग्लोबल होतो. तसं होत नाही. बँड फक्त सॉफ्टवेअरवर ठरत नाहीत. मोडेमपासून अँटेनापर्यंतच्या वाटेवर प्रत्येक बँडसाठी फिल्टर आणि अॅम्प्लिफायर लागतात, आणि फोन बनवणारी कंपनी ते त्या-त्या बाजारापुरतेच बसवते. जो फिल्टर बोर्डावर नाही, तो रॉम बदलून येत नाही.

खोक्यावर ‘५जी’ लिहिलंय म्हणून निश्चिंत होणं

५जी हे एका तंत्रज्ञानाचं नाव आहे. ते हवेत कुठल्या लहरींवर चालतं, हे बँड सांगतात. ४जीचे बँड बी१, बी३, बी४० असे लिहितात; ५जीचे एन१, एन२८, एन७८ असे. फोनचा बी२८ असला म्हणजे एन२८ही असेलच, असं समजू नका. दोन्ही याद्या वेगळ्या तपासा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे खालचे बँड दुर्लक्षित करणं. १ हजार मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून आत शिरतात. ६०० वर बी७१, ७०० वर बी१२, बी१३ आणि बी२८, ८०० वर बी२०, ८५० वर बी५ आणि बी२६, ९०० वर बी८. १८०० चा बी३, २१०० चा बी१, २३०० चा बी४०, २६०० च्या आसपासचे बी७, बी३८ आणि बी४१ वेग देतात, पण घराच्या आत आणि गावाबाहेर त्यांचा जोर ओसरतो. तुमच्या कंपनीचा खालचा बँड फोनमध्ये नसेल, तर दुकानाच्या दारात सगळं छान चालेल आणि घरी आल्यावर रेंज जाईल. वरचा एखादा बँड कमी असला तर वेग थोडा घटतो. खालचा नसला तर फोन मुका होतो. दोन मॉडेलांतून एक निवडायचं असेल, तर आधी खालचे बँड पाहावेत आणि वेगाचे आकडे नंतर.

फक्त मेगाहर्ट्झचा आकडा पाहणंही फसवं आहे. बी१२, बी१३ आणि बी२८ हे तिन्ही ‘७००’ म्हणूनच ओळखले जातात, पण त्यांची रचना वेगळी आहे. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. बी२८ तर इतका रुंद आहे की त्यासाठी अनेकदा दोन फिल्टर लागतात, आणि काही मॉडेलमध्ये त्यातला एकच भाग बसवलेला असतो. ५जीमध्ये एन७८ ची पट्टी ३३०० ते ३८०० मेगाहर्ट्झ आणि एन७७ ची ३३०० ते ४२००. म्हणजे एन७८ पूर्णपणे एन७७ च्या पोटात येतो. पण कंपनीचं ५जी ३८०० च्या वर असेल, तर फक्त एन७८ असलेल्या फोनला ते दिसणारच नाही.

तुमच्या भागात कोणते बँड चालू आहेत, हे स्वतः पाहता येतं. अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर हे अॅप टाका. बऱ्याच सॅमसंग फोनवर *#००११# आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की तांत्रिक पान उघडतं. घर, कामाची जागा, रोजचा रस्ता, सगळीकडे बँड टिपून ठेवा. काही ठिकाणी बँडऐवजी ‘ईएआरएफसीएन’ नावाचा आकडा दिसतो. ० ते ५९९ म्हणजे बी१, १२०० ते १९४९ बी३, २४०० ते २६४९ बी५, ३४५० ते ३७९९ बी८, ९२१० ते ९६५९ बी२८, ३८६५० ते ३९६४९ बी४०. मात्र एक लक्षात ठेवा: जुना फोन त्याला स्वतःला जमणारेच बँड दाखवतो. त्याच कंपनीचं सिम असलेला कोणाचा नवा फोन मिळाला, तर त्यावरही ही पाहणी करा.

५जीच्या बाबतीत आणखी एक अट असते. एनएसए प्रकारात ५जीला ४जीचा आधार लागतो, आणि ४जी-५जीची ती नेमकी जोडी फोनने चालवायला हवी. एसए प्रकारात ५जी स्वतंत्र चालतं, पण फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कंपनीसाठी एसए सुरू असावं लागतं. जिओचं ५जी एसए आहे. तिथे फक्त एनएसए जमणारा फोन ४जीवरच राहतो. बँड बरोबर असूनही ५जी न दिसण्यामागे हेच कारण असू शकतं.

कॉल आपोआप लागतीलच, हे गृहीत धरणं

४जीच्या नेटवर्कवर जुन्या पद्धतीचा कॉल नसतोच. आवाज डेटाच्या रूपातच जातो, त्याला व्होल्टे म्हणतात. ते नसेल तर कॉलपुरता फोन ३जी किंवा २जीवर उतरतो. ३जी-२जी चालू होतं तोवर हा दोष झाकला जायचा. आता ती नेटवर्क बंद होत आहेत. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं आणि व्होल्टे मान्य नसलेले फोन बाद ठरले. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद करायला घेतलं; तिथे ४जीवरून आपत्कालीन ००० ला कॉल करू न शकणारे फोन नेटवर्कवर अडवण्याचा नियम आहे, मग त्यांवर नेट कितीही छान चालत असो. जिओकडे तर २०१६ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हापासूनच २जी-३जी नाही.

‘फोनमध्ये व्होल्टे आहे’ एवढं पुरत नाही. व्होल्टेची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि फोन बनवणारा ती सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कंपनीसाठी स्वतंत्र भरतो. दुसऱ्या देशासाठी बनलेल्या फोनमध्ये तुमच्या कंपनीची मांडणी नसू शकते. वाय-फाय कॉलिंगचंही तेच. म्हणून मोबाइल कंपनीच्या संकेतस्थळावरची आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) तपासणी वापरा. *#०६# डायल केलं की १५ अंकी आयएमईआय दिसतो, आणि त्याचे पहिले ८ अंक मॉडेलची ओळख सांगतात. उत्तर ‘फोन चालेल’ असं आलं, तरी त्यात व्होल्टे धरलंय का, हे कंपनीला वेगळं विचारा.

हातात फोन असेल तर साधी परीक्षा आहे. वाय-फाय बंद करा, कॉल लावा आणि वरचं चिन्ह बघा. ४जी किंवा ५जी टिकलं तर व्होल्टे चालू आहे. कॉल लागताच ‘एच’, ‘३जी’ किंवा ‘ई’ आलं, तर फोन जुन्या नेटवर्कच्या आधारावर चाललाय आणि ते बंद झाल्यावर कॉलही बंद. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल करून फोनच्या माहितीत, वरच्या तीन ठिपक्यांखाली ‘आयएमएस’ची, म्हणजे व्होल्टे ज्यावर चालतं त्या यंत्रणेची, स्थिती दिसते. तिथे ‘नोंदणीकृत’ असं हवं.

‘अनलॉक’ या शब्दावर भरवसा ठेवणं

जाहिरातीतला हा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. बूटलोडर अनलॉक म्हणजे रॉम बदलण्याची मुभा; सिमशी त्याचा संबंध नाही. स्क्रीन किंवा खातं अनलॉक म्हणजे जुन्या मालकाचा पासवर्ड काढलेला. आपल्याला हवा तो सिम अनलॉक, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम घालण्याची मुभा. आयफोनवर अबाउटमध्ये ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं हवं. अँड्रॉइडवर खात्रीची परीक्षा एकच: दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहा. फोन रीसेट केल्याने सिम लॉक जात नाही. जिने लॉक घातलं, त्या कंपनीकडूनच तो काढून घ्यावा लागतो.

सिम अनलॉक असला, तरी चोरीची तक्रार असलेला किंवा हप्ते थकलेला फोन आयएमईआयवरून काळ्या यादीत जाऊ शकतो, तोही विक्रीनंतर. काही सॅमसंग मॉडेलना प्रादेशिक लॉक असतं: ज्या भागासाठी फोन बनला, तिथल्या सिमवरून आधी एकूण ५ मिनिटांहून जास्त कॉल व्हावे लागतात, तेव्हाच बाहेरचं सिम चालतं. परदेशातून सीलबंद फोन मागवताना हे नक्की विचारा.

सिमकडे पाहायचं राहून जाणं

फार जुनं सिम ४जीवर चालतच नाही, कारण त्यासाठी यूसिम प्रकारचं कार्ड लागतं. कंपनी ते बदलून देते. ई-सिम फक्त फोनमध्ये असून भागत नाही, कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी ते सुरू केलेलं असावं लागतं. दोन सिमच्या काही जुन्या फोनांत दुसऱ्या खाचेत फक्त २जी किंवा ३जी मिळतं, म्हणून मुख्य क्रमांक कुठल्या खाचेत घालायचा ते आधी बघा.

फोन घेऊन झाला आणि अडचण आली, तर

पहिलं काम अदलाबदलीचं. तेच सिम त्याच जागी उभं राहून दुसऱ्या, चालत्या फोनमध्ये घाला. तिथेही अडचण आली तर सिम किंवा नेटवर्क बघा. नाही आली तर फोन. यात दहा मिनिटं जातात आणि पुढची सगळी धावपळ वाचते.

नेट चालतं पण कॉल नाही, किंवा ओटीपी येत नाहीत: काही नेटवर्कवर एसएमएसही आयएमएसवरूनच येतात, त्यामुळे दोन्हींचं मूळ एकच असू शकतं. सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टे सुरू आहे का पाहा, सिम आत ठेवूनच सॉफ्टवेअर अपडेट करा आणि फोन बंद करून सुरू करा. तरी नोंदणी होत नसेल, तर कंपनीला आयएमईआय देऊन क्रमांकावर व्होल्टे सुरू आहे का विचारा. मॉडेल त्यांच्या यादीतच नसेल, तर घरी बसून करण्यासारखा खात्रीचा उपाय उरत नाही.

कॉल लागतात पण नेट नाही: सिमच्या सेटिंगमधला एपीएन (नेटसाठीचा जोडणी-पत्ता) बघा. नाव कंपनीने दिलेलंच हवं, एक अक्षर चुकलं तरी चालत नाही. ‘एपीएन प्रोटोकॉल’ आयपीव्ही४/आयपीव्ही६ असा ठेवा. तो नुसत्या आयपीव्ही४ वर राहिल्याने काही नेटवर्कवर नेट अडतं. तरी जमलं नाही तर नेटवर्क सेटिंग रीसेट करा. यात फोटो जात नाहीत, पण वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात.

५जी दिसत नाही: आधी पसंतीच्या नेटवर्कमध्ये ५जी निवडलंय का ते पाहा, मग तुमच्या प्लॅनमध्ये ५जी आहे का, मग सॉफ्टवेअर अपडेट. दोन सिम असतील तर दुसरं थोडा वेळ बंद करून बघा.

बाहेर रेंज आणि आत शून्य: टिपलेले बँड फोनच्या यादीशी ताडून पाहा. खालचा बँड नसेल, तर ‘बँड उघडून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, फिल्टरच नाही तर उघडणार काय? कंपनी तुमच्या मॉडेलवर वाय-फाय कॉलिंग देत असेल, तर घरापुरतं भागेल.

हे सगळं परत करण्याची मुदत संपण्याआधी तपासायचं. पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत उभे राहा, वाय-फाय बंद करा, दोन मिनिटांचा कॉल करा, एक कॉल येऊ द्या, एक ओटीपी मागवा, आणि कॉल चालू असतानाच एखादं पान उघडून पाहा.