वीरगळांची गावनोंद कशी करावी

देवळामागे, वेशीपाशी, जुन्या घाटवाटेच्या कडेला उभे असलेले वीरगळ, म्हणजे झुंजीत मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, गावकऱ्यांनाच एका दिवसात व्यवस्थित नोंदवता येतात. यात खणणं मात्र नाही. उत्खननाला सरकारी परवाना लागतो. शिवाय १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

दिवस दिवाळीनंतरचा धरा. त्याआधी गवत आणि शेवाळ आड येतं. आठवडाभर आधी ग्रामपंचायत, गुरव आणि शेतमालक यांना भेटून परवानगी घ्या. बरेच वीरगळ पूजेत असतात, त्यामुळे कुठे चप्पल काढायची, कशाला हात लावायचा नाही, हे गुरवालाच विचारा. देऊळ संरक्षित स्मारक असेल तर संबंधित पुरातत्त्व कार्यालयाची परवानगीही हवी.

चौघांची एक तुकडी करा. एक जण मोजेल, एक फोटो काढेल, एक प्रत्येक दगडाच्या नोंदीचा फॉर्म लिहील आणि चौथा फक्त गावातल्या जाणत्यांशी बोलेल. या चौथ्याचं काम सगळ्यात मोलाचं, कारण दगड आधी कुठे होता हे दगडावर लिहिलेलं नसतं. ‘जीर्णोद्धाराच्या वेळी बांधावरून आणला’ एवढं एक वाक्य मिळालं तरी मूळ जागा कळते, आणि त्यावरून कधी जुनी वाट, कधी जुनं गावठाणही उलगडतं.

दगडाला हात लावण्याआधी आहे तसा फोटो घ्या. मग वाळलेली पानं आणि धूळ मऊ ब्रशने झटका. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण वापरू नका आणि शेंदूर खरवडू नका. शेंदराच्या थरासोबत कोरीवकामाची धारही निघते. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यात खडू किंवा पीठ भरण्याची सवय तर पार मोडायला हवी. तिरपा उजेड तेच काम करतो. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर फोटो काढा. सावलीत बॅटरी दगडाच्या कडेला टेकवून प्रकाशझोत पृष्ठभागावरून जाऊ द्या. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं. चारही बाजू, माथा आणि प्रत्येक चौकट (एकावर एक कोरलेल्या चित्रांचा कप्पा) वेगळी टिपा. फ्रेममध्ये १० सेंटिमीटरची पट्टी आणि दगडाचा क्रमांक हवाच.

उंची जमिनीपासून वरची मोजा आणि तसं स्पष्ट लिहा, कारण खालचा भाग बहुधा गाडलेला असतो. मग रुंदी, जाडी आणि तोंड कोणत्या दिशेला आहे ते. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश वडाखाली किंवा भिंतीलगत बरेच मीटर चुकतात. अचूकतेचा आकडा ५ मीटरच्या आसपास स्थिरावेपर्यंत थांबा.

चौकटी खालून वर वाचा. तळाशी बहुधा वीराचा मृत्यू किंवा लढाई, मध्ये अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, वर तो शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. तळाच्या चौकटीवर जास्त वेळ द्या. गाई कोरल्या असतील तर गोधन राखताना झालेली झुंज. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तिथे सतीची खूण नोंदवा. गाढव आणि स्त्री कोरलेला दगड म्हणजे गधेगाळ. तो दानाचा भंग करणाऱ्याला शाप देणारा, त्याचा वेगळा फॉर्म भरा. ‘राजा’, ‘सरदार’ असे अंदाज फॉर्मवर नकोत. ‘डाव्या हातात ढाल, उजव्यात तलवार’ एवढंच लिहा. कोरलेला लेख दिसला तर त्याचा कागदावर ठसा स्वतः घेऊ नका, जाणकाराला बोलवा.

नोंद झाली की उत्साहात सगळे दगड एका ओळीत आणून सिमेंटच्या ओट्यात बसवण्याचा बेत निघतो. तो तिथल्या तिथे थांबवा. ओट्यात तळाची चौकट गाडली जाते आणि मूळ जागा कायमची हरवते. पडलेला दगडही उभा करण्याआधी पुरातत्त्व विभागाशी बोला. भरलेल्या फॉर्मची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक पुरातत्त्व विभागाकडे द्या. फोटोंच्या फायलींना दगडाचाच क्रमांक द्या, नाहीतर महिन्याभराने कोणता फोटो कुठला हे कोणालाच सांगता येत नाही.