किंग काँग, तो राक्षसी गोरिलाचा सिनेमा, बघायचाय? मग ह्या क्रमानं लावा
पोरांना घेऊन बसणार असाल तर २००५चा पीटर जॅक्सनवाला पहिला लावू नका ओ, तीन तासांच्या वर जातोय आणि खानापूरकडं पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. १९३३चाच लावा, ब्लॅक अँड व्हाईट असला म्हणून काय झालं. त्यात बहुतेक सीनमधला काँग म्हणजे दीड-दोन फुटी बाहुला, विलिस ओब्रायननं एकेक फ्रेमला थोडा थोडा हलवून शूट केलाय, अंगावरची केसं नीट बघा, उगाचच हलतात, बाहुला हलवणाऱ्यांची बोटं लागलीत की ती! मग २००५चा अर्धा अर्धा करून, त्यात काँगसाठी अँडी सर्किस ह्या नटाच्या हालचाली कॉम्प्युटरवर घेतल्यात. १९७६चा शेवटी, त्यात काँग न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग सोडून वर्ल्ड ट्रेड सेंटरवर चढतोय, गोरिलाच्या सूटमधला माणूस लगेच कळतोय, वेळ असला तरच बघा.